चुलीच्या धुराड्याचा पाइप घरातूनच साफ करायचा असेल तर

धुराड्यात खालून बांबू घातला, चार हिसके दिले, पडलेली काजळी सुपात भरून उकिरड्यावर टाकली आणि संध्याकाळी चूल पेटवली. बहुतेक घरांत सफाई एवढ्यावर आटोपते. मग दुसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू होते: पाइप साफ केला, तरी धूर आधीपेक्षा जास्तच कोंडतो. कारण साधं आहे. वरून सुटलेली काजळी खालच्या बेंडात, म्हणजे पाइपाच्या वळणात, जाऊन बसलेली असते आणि तिथे सरळ बांबू वळत नाही. वरच्या टोपीपर्यंत तो पोचतही नाही. म्हणजे मधला सरळ भाग, जो मुळात कमी चोंदतो, तेवढाच साफ झालेला असतो आणि दोन्ही टोकं बंद.

हा लेख धातूच्या पाइपासाठी आहे: विटा-मातीच्या बांधीव चुलीच्या किंवा लोखंडी बंद चुलीच्या मागून निघून, भिंतीला धरून किंवा विटांच्या धुराड्याच्या पोटातून छपरापार गेलेला ३ ते ६ इंची पाइप. सगळं काम स्वयंपाकघरातून करायचं, छपरावर कोणीही चढायचं नाही. जळगाव-धुळ्याकडचे पत्रे पायाखाली दबतात नाहीतर घसरतात, जुनं धाबं पावसाळ्यानंतर कुठे पोकळ झालंय ते वरून कळत नाही आणि नंदुरबारकडच्या कौलारू घरात एक फेरी मारली की चार कौलं बदलायची वेळ येते.

१. पाइप कशाचा आहे ते आधी ओळखा

नख मारून, वाजवून बघा. टणटणीत वाजला आणि चुंबक चिकटला तर तो जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा. चकचकीत आहे आणि चुंबक चिकटत नाही किंवा जेमतेम धरतो, तर स्टेनलेस स्टीलचा. विटांच्या धुराड्यात आतून सोडलेला लवचीक लायनर बहुधा असाच असतो. दोन्हींसाठी नायलॉनचा ब्रश घ्या. तारेच्या ब्रशाने जीआयवरचं जस्त खरवडलं जातं. स्टीलवर साध्या लोखंडी तारेचे कण चिकटून राहतात आणि तिथूनच गंज धरतो.

करडा, खडबडीत, सिमेंटसारखा पाइप असेल तर इथेच थांबा. जुन्या निर्धूर चुलींना बसवलेल्या अशा पाइपांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत सुटतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यावर ब्रश नको, ड्रिल तर मुळीच नको. बाहेरून पाणी शिंपडून, न फोडता अखंड उतरवून घ्या आणि त्या जागी धातूचा पाइप बसवा. या पाइपाची सफाई करत बसण्यात अर्थ नाही.

२. वेळ निवडा: दिवाळीआधीची पहाट

खान्देशात धुराड्यात सगळ्यात जास्त थर धरतो तो पावसाळ्यात. पऱ्हाट्या आणि तुराट्या ओलावलेल्या असतात, जाळ धुमसत राहतो, धूर थंड पाइपाला लागून चिकट होतो. म्हणून मुख्य सफाई पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या साफसफाईआधी करा. घर सारवायचं किंवा रंगवायचं असेल तर धुराडं आधी, रंग नंतर. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावर मांडे करताना चूल तासन्‌तास पेटती राहते, म्हणून चैत्रात एकदा आतून नजर टाकावी. थर असेल तरच ब्रश काढा.

दिवसातली वेळ मात्र बहुतेकांची चुकते. काम भरदुपारी करू नका. मातीच्या भिंतींच्या घरात दुपारी आत गार आणि बाहेर तापलेलं असतं. पाइपातली गार हवा जड असते, ती खाली उतरते आणि सुटलेली सगळी काजळी तुमच्या स्वयंपाकघरात आणते. पहाटे उलट असतं: बाहेर गारवा, घरात ऊब, त्यामुळे हवा वर चढते आणि उडणारी धूळ आपोआप वर ओढली जाते. एकाच घरात, एकाच पाइपात, फक्त वेळ बदलल्याने भिंती काळ्या होतात किंवा होत नाहीत.

*तपासा:* पाइपाच्या खालच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर काम सुरू करा. तो तुमच्याकडे येत असेल तर थांबा, पंखा बंद आहे ना ते बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे करा.

३. सामान एकदाच, सगळं हाताशी

मध्येच उठून ब्रश शोधायला गेलात की काळे पाय घरभर उमटतात. त्यामुळे आधी मांडून ठेवा:

- एकमेकांत आटे घालून जोडता येणारे लवचीक रॉड, साधारण एकेक मीटरचे. पाइपाच्या लांबीपेक्षा एक जास्त घ्या.
- पाइपाच्या व्यासाएवढा नायलॉनचा गोल ब्रश. किंवा ड्रिलवर फिरणारं, नायलॉनच्या दोऱ्या लावलेलं डोकं. त्या दोऱ्या गवत कापायच्या यंत्राला लावतात तशाच असतात. चार इंची पाइपासाठी दोऱ्यांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार इंचांहून किंचित जास्त ठेवा.
- जाड प्लास्टिकचा कागद किंवा जुनी ताडपत्री, रुंद चिकटपट्टी, दोन जुन्या चादरी.
- एन-९५ मास्क, बंद चष्मा, रबरी हातमोजे, डोक्याला फडकं.
- झाकणाचं पत्र्याचं पिंप किंवा डबा, लांब दांड्याचा चमचा, टॉर्च, छोटा आरसा.

मास्कच्या जागी उपरणं चालणार नाही. धुराड्याच्या काजळीने कर्करोग होतो, हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने तिथल्या धुराडी साफ करणाऱ्या कामगारांवरून १७७५ सालीच दाखवून दिलं होतं. उपरण्याच्या विणीतून बारीक काजळी सहज आत जाते. आणि मुलांना या कामात घेऊ नका, बारीक हात आत जातात म्हणून तर नाहीच नाही.

लांबीही आताच काढून ठेवा. जमिनीपासून छपरापर्यंत टेपने मोजा, छपरावरचा भाग अंगणातून अंदाजे धरा, बेंडाची लांबी मिळवा. तेवढ्या अंतरावर रॉडवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. ही खूण पाइपाच्या तोंडाशी आली की ब्रश टोपीला टेकत आलाय असं समजायचं. ही खूण न केल्यामुळे जोरात ढकलून टोपी उडवलेली घरं गावोगाव दिसतील. मग पहिल्याच वळवाचं पाणी थेट चुलीत.

४. चूल गार करा, राख काढा

आदल्या दिवशी सकाळचा स्वयंपाक झाल्यावर चूल विझवा आणि पुढचे २४ तास पेटवू नका. एक दिवसाचा स्वयंपाक गॅसवर किंवा अंगणातल्या तीन दगडांवर होईल. वरून राख गार लागते, पण बाभळीचा निखारा राखेखाली दडून दोन-दोन दिवस धगधगत राहू शकतो. त्यावर कोरडी काजळी पडली तर ती पेट घेते.

राख चमच्याने काढून पत्र्याच्या डब्यात भरा आणि झाकण लावा. पोत्यात नको, प्लास्टिकच्या बादलीतही नको.

दोन भांड्यांची चूल असेल तर वैलाकडे (चुलीशेजारच्या दुसऱ्या तोंडाकडे) जाणारा बोगदाही आत्ताच मोकळा करा. चूल ते वैल या वाटेत राखेचा बांध साचतो आणि दोष मात्र धुराड्यावर जातो. नुसता हा बांध काढल्यावर धूर ओढला जायला लागला, असंही होतं. पण तेवढ्यावर समाधान मानून पाइप सोडून देऊ नका.

> सावधान: घरातल्या व्हॅक्युम क्लीनरने राख किंवा काजळी ओढू नका. एक निखारा आत गेला तर यंत्र पेटतं. निखारा नसला तरी बारीक काजळी गाळणीतून पार होऊन घरभर उडते.

५. बंदोबस्त: खरं काम हेच

ब्रश फिरवायला अर्धा तास पुरतो. बंदोबस्ताला त्याहून जास्त वेळ लागला तर तो वाया गेला असं समजू नका, घाई नेमकी इथेच नडते.

स्वयंपाकघरातली भांडी, धान्य, पिण्याचं पाणी बाहेर काढा. फळी हलवता येत नसेल तर वरून चादर टाका. फरशी किंवा सारवलेली जमीन ताडपत्रीने झाका आणि तिची कड भिंतीवर वीतभर चढवून चिकटपट्टीने बसवा.

आता ब्रश कुठून घालायचा ते ठरवा. पाइपाच्या बुडाशी टीला (इंग्रजी T अक्षरासारख्या जोडाला) झाकण असेल तर उत्तम. झाकण सोडवून तिथूनच घाला. झाकण नसेल तर वैलाच्या तोंडातून, म्हणजे लवचीक रॉड आत जाऊन वर वळेल असा. लोखंडी बंद चूल असेल तर आतली आडवी पट्टी किंवा वीट, जी ज्वाळा अडवते, ती काढून ठेवा. तिच्यावर काजळी साचते आणि ती जागेवर ठेवून घासलं तर पडलेलं सगळं तिच्यामागे अडकून बसतं. पाइपाला झडप असेल तर ती पूर्ण उघडा.

ज्या तोंडातून ब्रश घालणार त्यावर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवा. मातीच्या चुलीला चिकटपट्टी धरत नाही, तिथे कागदाची कड ओल्या मातीच्या लादीने दाबून टाका. कागदाच्या मध्यभागी फक्त रॉड जाईल एवढा अधिकचिन्हासारखा छेद द्या आणि छेदाभोवती चिकटपट्टीचे दोन थर द्या, नाहीतर तो फाटत जातो. उरलेली सगळी तोंडं बंद करा: चुलीचं पुढचं तोंड पत्र्याने, दुसरं भांड्याचं भोक ओल्या पोत्याने.

*तपासा:* एकाने टॉर्च लावून कागदाच्या कडेने हात फिरवावा. जिथून वारा लागतो तिथून काजळी येणार. ती फट आताच बुजवा.

६. ब्रश वर न्या

अंगणात, टोपी दिसेल अशा ठिकाणी एकाला उभं करा, पण अगदी पाइपाखाली नको. टोपीवरून काजळीचे गठ्ठे आणि कधी साळुंकीच्या घरट्यातल्या काड्या खाली येतात. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत सफाई आणि चूल दोन्ही थांबवा. टोपीशी गांधीलमाश्यांची ये-जा दिसत असेल तर खालून ढोसू नका.

डोकं किंवा ब्रश छेदातून आत सरकवा, त्याच्या मागे पहिला रॉड.

*हाताने करत असाल तर:* फूट-दीड फूट वर, थोडं खाली, पुन्हा वर, असं चढत जा आणि चढताना रॉड थोडा थोडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा. उलट्या दिशेने फिरवला की आटे सुटतात आणि ब्रश वरच राहतो. तो खालून काढणं महाकठीण, मग छपरावर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जी टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला तीच वेळ येते.

*ड्रिलने करत असाल तर:* डोकं पूर्ण पाइपाच्या आत गेल्यावरच ड्रिल सुरू करा. बाहेर फिरवलं तर नायलॉनच्या दोऱ्या चाबकासारख्या बसतात. वेग सगळ्यात कमी, दिशा फक्त पुढची. ड्रिलवरचं उलट दिशेचं बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून टाका. सावकाश वर सरका. एका जागी फिरवत ठेवलंत तर पातळ जीआयचा पत्रा झिजतो.

दुसरा रॉड जोडायचा असेल तेव्हा ड्रिल थांबवा, पण आतला रॉड हातातून सोडू नका. जोड हाताने घट्ट आवळा. बेंडापाशी अडकल्यासारखं झालं तर जोर लावण्यापेक्षा चार इंच मागे या आणि फिरवत पुन्हा पुढे न्या. लवचीक रॉड वाट काढतो.

खूण पाइपाच्या तोंडाशी आली की हात हलका करा. आतून हाक द्या, "दिसलं का रे?" अंगणातून "दिसलं भाऊ, टोपीच्या जाळीला लागलं" असं उत्तर येईस्तोवर वर गेला असं गृहीत धरू नका. टोपीच्या जाळीला आतून हलकेच दहा-बारा फेरे द्या. सगळ्यात चिकट थर तिथेच असतो, कारण तिथे धूर एकदम गार होतो. हा भाग बहुतेक जण सोडतात.

खाली येतानाही ब्रश फिरवत, घासत या. तिसऱ्या फेरीत कागदावर काही पडल्याचा आवाज येत नसेल तर पुरे.

> सावधान: पाइपाच्या आत काचेसारखा चकाकणारा, टणक काळा थर असेल तर ब्रश त्याला काही करू शकत नाही. तारेने खरवडू नका, हातोडीने ठोकू नका आणि जाळ घालून जाळून टाकायचा विचार तर मनातही आणू नका. जीआयचा तेवढा तुकडा बदला. स्टीलचा लायनर असेल तर धुराड्याचं काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा.

७. खाली पडलेलं काढा

हा टप्पा वगळला तर आधीचे सहा करूनही चूल धोकादायक राहते. बेंडात अडकलेल्या काजळीने वाट अर्धी बंद झाली की कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला वास नाही, रंग नाही, धुरासारखे डोळेही चुरचुरत नाहीत. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि थंडीत दारं-खिडक्या बंद करून चुलीजवळ झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

काम झाल्यावर लगेच कागद काढू नका. अर्धा तास थांबा, उडालेली काजळी बसू द्या. मग कागदावर पाण्याचा हलका फवारा मारा, खालची कड सोडवा आणि आतल्या बाजूने गुंडाळत काढा.

टीचं बूड चमच्याने खरवडा. वैलाच्या मागे हात जाईल तेवढा आत घाला आणि बेंडाच्या वळणातली काजळी ओढून घ्या. लोखंडी चुलीत आडव्या पट्टीच्या वरची जागा बघा, मगच पट्टी परत बसवा. ही पट्टी पुन्हा लावायची विसरली तर जाळ सरळ पाइपात शिरतो आणि पाइप लाल होतो.

*तपासा:* टीच्या तोंडातून आरसा आत धरा आणि त्यावर टॉर्च मारा. पाइप सरळ असेल तर वर टोपीखालचा उजेड गोल दिसायला हवा. बेंड असतील तर मोबाइल रॉडला बांधून, दिवा लावून, चित्रीकरण करत आत सरकवा. आजकाल प्रत्येकाच्या हाताशी असलेलं हे सगळ्यात चांगलं साधन आहे. धातू दिसला पाहिजे. करडी झाक राहिली तरी चालेल, थर नको.

काढलेली काजळी पत्र्याच्या डब्यात, झाकणाखाली, अंगणात एक-दोन दिवस ठेवा. कडब्याच्या गंजीजवळ नको, पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ तर नकोच. आणि या काजळीची राखुंडी करून दात घासणं किंवा तिने भांडी घासणं पूर्ण बंद करा. चुलीतली पांढरी राख वेगळी आणि धुराड्यातलं हे काळं वेगळं.

८. जोड बघा आणि मग पेटवा

पाइपाच्या बाहेरच्या बाजूने जोडापाशी काळे ओघळ आहेत का? असतील तर पाइप उलटा जोडलाय. वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपाच्या *आत* बसलं पाहिजे, म्हणजे धुराचा चीक आतल्या आत खाली उतरतो. नेहमीचा कारागीर बरेचदा पन्हळीच्या सवयीने नेमकं उलटं लावतो. छपरातून पाइप जिथे पार होतो तिथली सागाची कडी हाताने चाचपा. ती काळवंडली असेल तर पाइप आणि लाकूड यांत जागा करून घेतल्याशिवाय चूल वापरू नका.

पहिला जाळ छोटा ठेवा. खिडकी उघडी, चार सुक्या तुराट्या, वर कागद. उदबत्ती प्रत्येक जोडाशी धरा. धूर आत ओढला जात असेल तर ठीक. बाहेर ढकलला जात असेल तर जाळ विझवा आणि बेंड पुन्हा उघडा, कारण दहांपैकी नऊ वेळा अडथळा तिथेच असतो.

पुढची सफाई कधी

दिवस मोजू नका, थर मोजा. टीच्या तोंडातून स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडा काढा. थर ३ मिमी झाला की सफाई करायची. तीन इंची पाइपात ३ मिमी थर म्हणजे धुराची वाट सुमारे १५ टक्के कमी, ६ मिमी म्हणजे जवळजवळ ३० टक्के. अरुंद पाइप लवकर गुदमरतो.

सरपण कोरडं ठेवलं तर निम्मं काम वाचतं. पऱ्हाट्या पावसाआधीच पत्र्याखाली, जमिनीपासून उचलून रचा. कपाशीत गुलाबी बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाट्या शेतात ठेवू नयेत हे बरोबरच आहे, पण घराशी आणलेल्या उघड्यावर भिजू देऊ नका. बाभूळ आणि निंब फोडून किमान सहा महिने वाळवा. मोडलं की कडकन आवाज आला पाहिजे. पेटवणीला ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा, दुधाच्या पिशव्या, टायरची पट्टी घालणं सोडा. त्याचा तेलकट काळा धूर घरातल्या माणसांच्या छातीत आणि पाइपात दोन्हीकडे बसतो.

धुराड्यात पेट घेतला तर

पाइपातून घोंघावणारा आवाज येतो, पाइप थरथरतो, टोपीतून ठिणग्या किंवा ज्वाळा दिसतात. सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन लावा. सुरक्षितपणे जमत असेल तरच चुलीचं तोंड पत्र्याने झाका, वैलावर परात पालथी घाला, फटींवर ओली माती थापा, झडप असेल तर बंद करा. हवा तुटली की जाळ बसतो. तापलेल्या पाइपात किंवा लोखंडी चुलीत पाणी ओतू नका, वाफेचा भपका अंगावर येतो आणि पाइप तडकतो. छपराजवळचा कडबा हलवा, धाब्याच्या कड्यांवर आणि आढ्यावर लक्ष ठेवा, आग विझल्यावरही काही तास. पाइप आणि त्याचे सगळे जोड तपासून होईपर्यंत त्या चुलीत पुन्हा जाळ घालू नका.